सरोवराला दुसरं दार नाही: मेट्रो मनिलाच्या अर्ध्या पूरयोजनेचं प्रकरण

26 सप्टेंबर 2009, शनिवार. मेट्रो मनिलात वादळाचा 'सिग्नल नंबर 1' लागलेला होता, म्हणजे इशाऱ्यातली सगळ्यात खालची पायरी. फिलिपिन्समध्ये वर्षाला वीसेक वादळं येतात, त्यामुळे एक नंबरला तिथे कुणी दचकत नाही. फार तर बालवाड्या बंद राहतात. ही सिग्नल पद्धत वाऱ्याच्या वेगावर बेतलेली होती आणि ओंदॉय या वादळाचा वारा खरंच किरकोळ होता. (तिथली हवामान संस्था पगासा वादळांना आपली वेगळी नावं देते, जगासाठी हेच वादळ 'केत्साना' होतं.) पाऊस मात्र किरकोळ नव्हता. केसॉन सिटीतल्या सायन्स गार्डन केंद्रावर 24 तासांत 455 मिमी नोंद झाली, त्यातला सुमारे 340 मिमी सकाळी आठ ते दुपारी दोनच्या दरम्यान. आधीचा विक्रम जून 1967 चा, तोही अख्ख्या दिवसाचा, 334 मिमीचा. दुपारपर्यंत मारिकिना खोऱ्यातल्या दुमजली घरांतले लोक छपरावर चढून बसले होते. ओंदॉयने देशात एकूण 464 जणांचा बळी घेतला.

एवढा पाऊस कुठल्याही शहराला बुडवेल, असं म्हणून हे प्रकरण मिटवता आलं असतं. पण मारिकिनातलं पाणी दोन-तीन दिवसांत ओसरलं आणि तिथून काही किलोमीटरवर, लागुना सरोवराच्या काठच्या वस्त्यांत मात्र ते महिनोन्‌महिने राहिलं. काही ठिकाणी डिसेंबर उजाडला तरी गल्ल्यांतून होड्या चालत होत्या आणि लोक बांबूच्या साकवांवरून घरात ये-जा करत होते. एकाच पावसाचं पाणी एकीकडे दिवसांत उतरतं आणि दुसरीकडे महिने लागतात, याचं उत्तर ढगात सापडणार नाही. ते 1970 आणि 80 च्या दशकांत आखलेल्या आणि अर्ध्यावर सोडलेल्या एका योजनेत आहे.

आधी नकाशा

'मनिला' म्हणून आपण ज्याला ओळखतो ते प्रत्यक्षात 16 शहरं आणि पातेरोस नावाची एक छोटी नगरपालिका यांचं कडबोळं आहे. क्षेत्रफळ जेमतेम 620 चौरस किलोमीटर, लोकसंख्या 2020 च्या जनगणनेनुसार 1 कोटी 34 लाख. खुद्द मनिला शहर त्यातला एक तुकडा. सगळ्यात मोठं केसॉन सिटी, साडेएकोणतीस लाखांचं, जे 1948 ते 1976 या काळात देशाची राजधानी होतं. उंच काचेच्या इमारती मकाती आणि तागिगमध्ये, स्पॅनिश काळातला कोट इंत्रामुरोसमध्ये, विमानतळ पासाय आणि परान्याकेच्या हद्दीवर. प्रत्येक शहराला स्वतःचा महापौर, स्वतःचं बजेट, स्वतःचे मतदार.

ही मोट राष्ट्राध्यक्ष फर्डिनंड मार्कोस यांनी लष्करी कायद्याच्या काळात, नोव्हेंबर 1975 मध्ये एका फर्मानाने बांधली. चार शहरं, रिझाल प्रांतातून उचललेल्या बारा नगरपालिका आणि बुलाकानमधून एक. या महानगराच्या गव्हर्नरपदी बसवलं ते पत्नी इमेल्दा मार्कोस यांना. पुढे राजवट गेली, गव्हर्नरपदही गेलं. 1995 च्या कायद्याने आजचं महानगर विकास प्राधिकरण, एमएमडीए, आलं. वाहतूक, कचरा आणि पुढे पूरनियंत्रण त्याच्याकडे आलं खरं, पण महापौरांना आदेश देण्याचा अधिकार आला नाही. ओंदॉयच्या वेळी या प्राधिकरणाचे प्रमुख होते बायानी फर्नांडो. ते स्वतः मारिकिनाचे माजी महापौर, आणि नदीकाठ साफ करून तिथे उद्यान उभारण्यासाठी नावाजलेले. म्हणजे त्या नदीची नस माहीत असलेला माणूस खुर्चीवर असूनही ते घडलं. त्यामुळे दोष माणसात शोधण्यापेक्षा रचनेत शोधावा, असं मला वाटतं.

आता पाणी. महानगर दोन पाण्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर बसलंय. पश्चिमेला मनिलाचा उपसागर, आग्नेयेला लागुना सरोवर. सरोवर प्रचंड आहे, सुमारे 900 चौरस किलोमीटर, म्हणजे महानगराच्या दीडपट. पण खोली सरासरी अडीच मीटर. भातखाचरासारखं पसरट. वीसहून अधिक नद्या त्यात येऊन पडतात आणि बाहेर पडायला वाट एकच: नापिंदानचा प्रवाह, तिथून पासिग नदी, तिथून उपसागर. पासिगची लांबी पंचवीस-सव्वीस किलोमीटर, दोन्ही काठांवर मनिलाचा जुना गाभा, राष्ट्राध्यक्षांचा मलाकान्यांग राजवाडाही तिथेच. आणि सिएरा माद्रेच्या डोंगरातून मोन्तालबान, सान मातेओ, मारिकिना असं करत उतरणारी मारिकिना नदी नेमकी नापिंदानच्या तोंडापाशी या पासिगला मिळते.

पासिगची गंमत अशी की ती दोन्हीकडे वाहते. कोरड्या महिन्यांत सरोवराची पातळी उतरते आणि भरतीच्या वेळी समुद्राचं खारं पाणी उलटं चढत सरोवरात शिरतं. शहरातल्या अभियंत्याला हे प्रदूषण वाटतं. सरोवरातल्या कोळ्याला मात्र हे पाणी हवं असतं, कारण खारेपणामुळे गढूळ पाण्यातला गाळ खाली बसतो, ऊन आत शिरतं, शेवाळ-प्लवक वाढतं आणि मासा पोसतो. सरोवरात बांगुस आणि तिलापिया या माशांची जाळीबंद कुंपणं मैलोन्‌मैल आहेत. 1983 मध्ये नापिंदानवर दरवाजे बसवून हा उलटा प्रवाह रोखण्याची सोय झाली, तेव्हा कोळ्यांनी जोरदार विरोध केला, आणि पुढे ते दरवाजे बहुतांश उघडेच राहिले. पूरनियंत्रणाच्या अहवालात हा प्रसंग एखाद्या ओळीत उरकला जातो. मला तो महत्त्वाचा वाटतो. सरोवराकडे शहर टाकी म्हणून बघतं आणि काठचे लोक शेत म्हणून. हा तंटा त्या दरवाजांपासून सुरू आहे.

योजना आणि तिचा राहिलेला भाग

हिशेब सोपा होता. मारिकिनाला मोठा पूर आला की ते सगळं पाणी पासिगच्या अरुंद पात्रात घुसतं आणि जुनी मनिला बुडते. मग ते वाटेतच वळवायचं. पासिग शहरातल्या रोसारियो इथे नदीच्या अंगाला दरवाजांचा बंधारा बांधायचा आणि तिथून सुमारे 10 किलोमीटर लांब, 260 मीटर रुंद कालवा खोदून पाणी थेट लागुना सरोवरात सोडायचं. हाच मांगाहान पूरकालवा. तो 1980 च्या दशकात पुरा झाला.

तीस वर्षांतून एकदा येईल अशा पुरासाठीचे आकडे असे: मारिकिनातून सेकंदाला 2,900 घनमीटर पाणी येईल, म्हणजे आपल्या भाषेत लाखभर क्युसेकच्या वर. त्यातलं 2,400 घनमीटर, सुमारे 85 हजार क्युसेक, कालव्यात जाईल आणि खाली पासिगकडे फक्त 500 उरेल. पण पाणी आपणहून अशी वाटणी करत नाही. रोसारियोच्या खाली मुख्य नदीवरही दरवाजे हवेत, ते खाली सोडले की पाणी कालव्याकडे ढकललं जाईल. ते दरवाजे तेव्हा बांधलेच नाहीत. अनेक वर्षांनी जपानच्या कर्जातून चाललेल्या पासिग-मारिकिना सुधारणा प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यात त्यांचा समावेश झाला.

तिसरा भाग राहिला तो सगळ्यात महागडा. सरोवरात एवढं पाणी ओतायचं तर त्याला दुसरं दार हवं. म्हणून परान्याकेच्या बाजूने, सरोवर आणि उपसागर यांच्यातल्या पट्टीतून एक सांडवा काढायचा होता. कागदावर तो कालव्याच्या बरोबरीने होता. पैसा आणि जमीन या नेहमीच्या दोन कारणांनी तो मागे पडला. मागे पडत गेला तसा त्या पट्टीत वसाहती, कारखाने, महामार्ग उभे राहिले आणि उघडा सांडवा काढणं दरवर्षी आणखी अवघड होत गेलं.

सरोवराकाठचे लोक सांगतात, मनिलाचा पूर आमच्या गळ्यात मारला. भावना खरी आहे, पण आकडेमोड जरा वेगळं सांगते. कालवा पूर्ण क्षमतेने, 2,400 घनमीटरने, सलग 24 तास वाहिला असं धरू. पाणी होतं साधारण 20.7 कोटी घनमीटर. 900 चौरस किलोमीटरवर पसरलं की पातळी चढते 23 सेंटिमीटर. आता सरोवराच्या स्वतःच्या पाणलोटातल्या समजा 2,000 चौरस किलोमीटरवर 300 मिमी पाऊस पडला आणि त्यातलं निम्मं वाहून आलं, तर 30 कोटी घनमीटर, म्हणजे 33 सेंटिमीटर. आणि सरोवरावर थेट पडलेला पाऊस आणखी 30. हा ढोबळ हिशेब आहे, पण त्यातून एवढं दिसतं की सरोवर मुख्यतः स्वतःच्याच पावसाने फुगतं. कालवा त्यात भर घालतो, ती थोडीथोडकी नाही, पण बुडण्याचं मूळ तिथे नाही.

मूळ आहे निचऱ्यात. सरोवराची पातळी एक मीटरने उतरवायची तर 90 कोटी घनमीटर पाणी बाहेर काढावं लागतं. पासिगवाटे सेकंदाला सरासरी 100 घनमीटर, साधारण साडेतीन हजार क्युसेक, निघालं असं धरलं तर 104 दिवस लागतात. तेही वरून नवा पाऊस आला नाही तर. 2009 मध्ये तो आला: ऑक्टोबरात पेपेंग वादळ, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी सान्ती, जे वादळ थेट लागुना प्रांतावरूनच गेलं. त्यात पासिगला भरतीचा फुगवटा, म्हणजे दिवसातले काही तास निचरा जवळपास थांबलेला. काठच्या बिन्यान, सांता क्रुस, आंगोनो, तायताय, तागिग, मुंतिनलुपा या गावा-शहरांत पाणी का ठाण मांडून बसलं याचं गूढ एवढंच.

पाणी साचलं तसा रोग आला. त्या ऑक्टोबरात महानगरात लेप्टोचे दोन हजारांहून अधिक रुग्ण सापडले, बरेच दगावले. गुडघाभर पाण्यातून रोज कामाला जाणारा माणूस हा रोग घेऊन घरी येतो, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको.

यात हद्दींचा एक कंगोराही आहे. रोसारियोचा बंधारा महानगरात येतो. कालवा मात्र पुढे काइन्ता आणि तायतायमधून जातो, आणि ही गावं रिझाल प्रांतात, महानगराच्या बाहेर. म्हणजे दरवाजे उघडणारी यंत्रणा एका हद्दीत, पाणी सोसणारे मतदार दुसऱ्या. सरोवरासाठी 1966 पासून एक स्वतंत्र प्राधिकरण आहे, पण त्याचा भर मासेमारीचे परवाने आणि पाण्याची प्रत यांवर. मोठी बांधकामं सार्वजनिक बांधकाम खात्याची, पंप आणि नाले एमएमडीएचे, हवामान पगासाचं, पूररेषेत घर बांधू द्यायचं की नाही ते महापौरांचं.

खोऱ्यात घरं आली कशी

1977 मध्ये जागतिक बँकेच्या पैशातून महानगराचा एक विकास आराखडा झाला होता. मारिकिनाचं खोरं आणि सरोवराचा काठ पूरप्रवण आहे, इथे वाढ रोखा, असं त्यात स्पष्ट होतं. ओंदॉयनंतर तो आराखडा वर्तमानपत्रांनी पुन्हा बाहेर काढला. तोवर खोऱ्यात लाखो लोक राहत होते, आणि हे सगळे झोपडपट्टीतले नव्हते. सगळ्यात वाईट फटका बसलेल्या वसाहतींपैकी एक, प्रॉव्हिडंट व्हिलेजेस, ही बँकेचं कर्ज काढून घर घेतलेल्या मध्यमवर्गाची रीतसर मंजूर वसाहत होती. नदी तिच्या तीन अंगांनी वळसा घेते. नकाशावर बोट ठेवलं तरी कळेल की पूर आला की पाणी वळणावरून न जाता सरळ मधून जाणार. पण जमीन सपाट होती, केसॉन सिटी आणि मकातीच्या जवळ होती आणि वीस-पंचवीस वर्षांत तसा पूर आला नव्हता. परवानगी देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एवढं पुरलं.

गरिबांची गोष्ट वेगळी आणि जास्त कडू आहे. मांगाहान कालव्याच्या दोन्ही तटांवर हजारो कुटुंबांनी घरं बांधली. सरकारी जमीन, मधोमध शहर, कामं चालत जाण्याच्या अंतरावर. डिसेंबर 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मनिला उपसागराच्या खटल्यात नदी-नाल्यांच्या काठची अतिक्रमणं हटवण्याचा आदेश दिला होता, ओंदॉयनंतर त्याला जोर चढला. मग पुनर्वसन झालं कुठे? नदीकाठच्या अशा अनेक कुटुंबांना पाठवलं गेलं मोन्तालबानला, मारिकिना नदीच्याच वरच्या अंगाला. तिथली कासिग्लाहान व्हिलेज ही पुनर्वसन वसाहत ओंदॉयमध्ये बुडाली, 2012 मध्ये बुडाली, 2020 मध्येही बुडाली. धोक्याच्या जागेतून काढलेली माणसं धोक्याच्या जागी, फक्त रोजगारापासून लांब. आपल्याकडच्या धरणग्रस्तांच्या वसाहती पाहिलेल्या कुणालाही ही कार्यपद्धती परकी वाटणार नाही.

काय सुधारलं

बरंच सुधारलं, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. 2010 मध्ये आपत्ती व्यवस्थापनाचा नवा कायदा आला. पगासाने वाऱ्याच्या सिग्नलशिवाय पावसाचे रंगीत इशारे सुरू केले: तासाला साडेसात ते पंधरा मिमी पिवळा, तीसपर्यंत नारिंगी, त्यावर लाल. 2012 मध्ये 'नोआ' प्रकल्पाने पूरधोक्याचे तपशीलवार नकाशे लोकांसमोर ठेवले. 2017 मध्ये सरकारने त्याचा निधी थांबवला तेव्हा फिलिपिन्स विद्यापीठाने तो आपल्याकडे घेतला.

मारिकिनात तर सान्तो निन्योची पूरपट्टी हा गावाचा देव झाला आहे. पाणी 15 मीटरला पहिला भोंगा, तयारीत राहा. 16 ला दुसरा, निघा. 18 ला तिसरा, आता सक्तीने बाहेर. पावसाच्या रात्री लोक मोबाइलवर दर काही मिनिटांनी हा एकच आकडा बघत असतात, आणि साडेचौदाला खालच्या मजल्यावरचा फ्रिज, गाद्या, मुलांची दप्तरं वर चढू लागतात. 12 नोव्हेंबर 2020 ला उलिसिस वादळात नदी 22 मीटरवर गेली, ओंदॉयच्या 21.5 च्याही वर. कोरोनाचा काळ, निवारा केंद्रात गर्दी करायची नाही असा दंडक, आणि तरीही मारिकिनातली मनुष्यहानी 2009 च्या मानाने फारच कमी झाली. जुलै 2024 मध्ये कारिना वादळाच्या वेळी 20.7 मीटर. भोंगे वाजले, माणसं निघाली, घरं पुन्हा चिखलाने भरली.

म्हणजे पंधरा वर्षांत लोक पुराशी वागायला शिकले. पाण्याची वाट मात्र फारशी बदलली नाही.

2012 मध्ये सरकारने महानगरासाठी सुमारे 351 अब्ज पेसोंचा पूरनियंत्रणाचा बृहत् आराखडा मंजूर केला, 2035 पर्यंतचा. मारिकिनाच्या वर धरण, सरोवराकाठचे बांध, परान्याकेचा सांडवा, सगळं पुन्हा यादीत आलं. पैसा खर्च झाला नाही असंही नाही. ऑगस्ट 2025 मध्ये राष्ट्राध्यक्ष बाँगबाँग मार्कोस यांनीच जाहीर केलं की जुलै 2022 पासून देशभरात पूरनियंत्रणाची 9,855 कामं निघाली, 545 अब्ज पेसोंहून अधिक किमतीची, आणि त्यातला पाचवा हिस्सा 15 ठेकेदारांच्या घशात गेला. बुलाकानमध्ये बिल निघालेली पण प्रत्यक्षात नसलेली भिंत सापडली. बांधकाम खात्याच्या सचिवांना पद सोडावं लागलं. 21 सप्टेंबरला, लष्करी कायद्याच्या स्मृतिदिनी, लुनेता मैदान आणि एडसा महामार्गावर लोक उतरले. ज्या मार्कोसांनी 1975 मध्ये हे महानगर एका फर्मानाने जोडलं, त्यांचाच मुलगा आता त्याच्या पुराचा हिशेब मागत होता आणि रस्त्यावरचे लोक त्यालाच जाब विचारत होते.

भ्रष्टाचार हा भाग आहेच, पण मला या 9,855 आकड्यात दुसरी गोष्ट खटकते. इतकी कामं म्हणजे बहुतेक सगळी लहान: इथे दोनशे मीटर संरक्षक भिंत, तिथे गाळ उपसा. प्रत्येक मतदारसंघात फित कापता येईल अशी. परान्याकेचा सांडवा असा वाटून घेता येत नाही. तो एकच आहे, एका अध्यक्षाच्या सहा वर्षांच्या मुदतीत पुरा होणार नाही, आणि त्याचा फायदा ज्यांना आहे ते बरेचसे लोक महानगराच्या मतदार यादीतच नाहीत.

उघड्या सांडव्याची जागा आता कागदावर बोगद्याने घेतली आहे. जपानी संस्थेने त्याचा अभ्यास केला: सरोवरापासून उपसागरापर्यंत, शहराच्या खूप खालून. जमिनीचा जुना अडथळाही कायद्याने बराचसा दूर झाला आहे. 2016 च्या भूसंपादन कायद्यात अशी तरतूद आहे की सरकारी कामासाठी 50 मीटरपेक्षा खोल जायचं असेल तर वरच्या जमीनमालकाला आडकाठी करता येत नाही. बोगदा तसाच खोल धरला आहे. 2025 सरलं तेव्हा तो खोदायला सुरुवात झालेली नव्हती, आणि लागुनाचं पाणी पूर्वीसारखंच नापिंदानमधून, भरती-ओहोटीच्या मर्जीने बाहेर पडत होतं.